लॉच्या प्रवेशात या चुका टाळा : ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांसाठी

एलएलबीची राज्याची सीईटी फार अवघड नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही वाचता येतात. तरीही दरवर्षी चांगले गुण मिळवलेली मुलं हाताशी आलेल्या जागेला मुकतात. मी ठाण्यात वकिली करतो. प्रवेशाच्या दिवसांत ओळखीपाळखीतली मुलं आणि त्यांचे पालक फाइल घेऊन येतात, तेव्हा घोळ बहुतेक वेळा गुणांचा नसतो. एखादा दाखला नसतो, नाहीतर एखादी तारीख उलटून गेलेली असते. म्हणून हा लेख अभ्यासाबद्दल नाही, अर्जाबद्दल आहे.

सीईटी दिली, आता कॉलेज फोन करेल

सगळ्यात महागात पडणारा समज हाच. सीईटीचा अर्ज वेगळा आणि प्रवेशाचा अर्ज वेगळा. निकाल लागल्यावर सीईटी सेलच्या संकेतस्थळावर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, नव्याने नोंदणी करावी लागते. त्यात कागद चढवायचे, शुल्क भरायचं आणि त्यानंतर कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा. तीन वर्षांच्या आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या सीईटी वेगळ्या आणि त्यांच्या कॅपचं वेळापत्रकही वेगळं. मित्राने सांगितलेली तारीख दुसऱ्याच अभ्यासक्रमाची निघाली, असंही होतं.

बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पवईचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ राज्याच्या सीईटीतून मिळत नाही. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांचंही तसंच. त्यांची पदवीची दारं क्लॅट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेने उघडतात, आणि क्लॅट गेली काही वर्षं डिसेंबरात होते. बोर्डाची परीक्षा आटोपल्यावर एप्रिलमध्ये चौकशी करणाऱ्याची ती संधी तोवर गेलेली असते. शिवाय क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, त्यामुळे सीईटीच्या सवयीने सगळे गोळे भरून येऊ नका.

दाखल्यांना जूनमध्ये हात घालू नका

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण ठाणे आणि नवी मुंबईतल्या मुलांचं सर्वाधिक नुकसान याच टप्प्यावर होतं.

आपल्याकडे बहुतेक घरांना एक गाव आहे. सातारा, जळगाव, रत्नागिरी, नाहीतर मराठवाड्यातलं. मूल ठाण्यात जन्मलं, ठाण्यात शिकलं, म्हणून जातीचा दाखलाही ठाण्यातून निघेल असं पालक धरून चालतात. जातीचा दाखला मूळ वास्तव्यावर ठरतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांना तुमचे पूर्वज जिथे राहत होते, तिथल्या प्रांत कार्यालयाशी संबंध येतो. म्हणजे आजोबांच्या शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा, गावच्या जन्म-मृत्यू नोंदीची नक्कल असे कागद गोळा करायला गावी जावं लागतं. जिल्हा परिषदेची शाळा मे महिन्यात बंद असते. पावसाळ्यात काढलेली रजा फुकट जाऊ शकते. हे काम दिवाळीच्या सुट्टीत करा.

त्यानंतर जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. बारावी सायन्सच्या मुलांकडून कॉलेजं वैधतेचे अर्ज भरून घेतात, कारण इंजिनीअरिंग-मेडिकल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. कॉमर्स आणि आर्ट्सच्या मुलांना बहुधा कोणी काही सांगत नाही. आणि लॉला येणारी बरीच मुलं त्याच वर्गांतली! लॉ हा व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, आरक्षित जागेवर प्रवेश हवा असेल तर वैधता लागते. अर्जासोबत सध्याच्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचा १५ ए नमुना, वंशावळीचं नमुना ३ चं आणि नमुना १७ चं अशी दोन प्रतिज्ञापत्रं लागतात. बारावी किंवा टीवायला, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला, असतानाच हे उरका. वडील, सख्खा भाऊ, काका यांच्यापैकी कोणाकडे वैधता असेल तर तिची प्रत आवर्जून जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. अर्ज प्रलंबित असेल तर काही वर्षी पावतीवर तात्पुरती मुदत मिळालेली आहे. पण त्या सवलतीचा आदेश त्या-त्या वर्षापुरता असतो, तिच्या भरवशावर बसू नका.

नॉन-क्रिमीलेअरचा, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा, दाखला घरात आहे, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. त्यावरची वैधतेची तारीख वाचा. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घेताय, ते वर्ष संपतानाच्या ३१ मार्चपर्यंत तो चालू असला पाहिजे. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखलाही त्या वर्षासाठीचा आणि राज्याच्या नमुन्यातला लागतो. केंद्राच्या नोकरीसाठी काढलेला दाखला इथे पुढे करून उपयोग नाही.

नवी मुंबईकरांची अजून एक अडचण आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात, म्हणजे ठाणे जिल्ह्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हे पनवेल तालुका आणि रायगड जिल्हा. बेलापूर ते खारघर लोकलने एकच स्टेशन, पण तहसील कार्यालय वेगळं. ‘आपले सरकार’ या सरकारी संकेतस्थळावर उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा अर्ज भरताना जिल्हा चुकला की तो परत येतो, आणि परत आल्याचं कळायला आठवडा जातो.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. क्रमाचा फरक सहसा अडत नाही, स्पेलिंगचा फरक अडतो. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जसंच्या तसं भरा. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनी तीन वर्षांच्या कोर्सला मोठ्या संख्येने येतात. त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी हाताशी ठेवावी.

टक्के आणि पात्रता

तीन वर्षांच्या कोर्सला पदवीत, पाच वर्षांच्या कोर्सला बारावीत खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही अट ४० टक्के आहे. ग्रेडवाल्या गुणपत्रिका आल्यापासून गोंधळ वाढला आहे. सीजीपीए ७.२ म्हणजे ७२ टक्के असं मनाने धरू नका. विद्यापीठाच्या सूत्राने टक्के काढा आणि कॉलेजकडून रूपांतराचं पत्र घ्या. अर्जातला आकडा आणि गुणपत्रिका जुळली नाही की छाननीत अर्ज मागे येतो.

मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांनी एक तपासावं. बारावी करून मग मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर चालतं. दहावी-बारावीची पायरी गाळून थेट पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलीवर आणि विधी शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या नियमांनुसार लॉला प्रवेश मिळत नाही.

पसंतीक्रम भरताना लोकलचं वेळापत्रक जवळ ठेवा

चर्चगेटचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज १८५५ पासूनचं. ते सगळ्यांनाच हवं असतं, ते पहिलं लिहिण्यात काहीच गैर नाही. पण त्याखाली नुसती नावाजलेली नावं उतरवू नका. कळव्यातून किंवा घणसोलीतून तुम्हाला तीन किंवा पाच वर्षं रोज जायचं आहे. ठाण्यात स्टेशनजवळ चेंदणी बंदर रोडला विद्या प्रसारक मंडळाचं टीएमसी लॉ कॉलेज आहे, बेलापूरला भारती विद्यापीठाचं लॉ कॉलेज, कळंबोलीत केएलईचं, नवीन पनवेलला भागूबाई चांगू ठाकूर लॉ कॉलेज. ट्रान्स-हार्बर लोकल मार्गामुळे ठाणे ते पनवेल थेट गाडीने जाता येतं आणि ती दादरच्या गर्दीपेक्षा पुष्कळ सुसह्य आहे. वर्ग सकाळी भरतात की दुपारी, हे प्रत्येक कॉलेजात जाऊन विचारा.

इतकं सांगतो आहे ते हजेरीमुळे. बार कौन्सिलच्या नियमात प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरीची अट आहे. पत्राद्वारे किंवा घरबसल्या एलएलबी होत नाही. नोकरी करणाऱ्यांनी हे प्रवेशाआधीच साहेबांशी बोलून ठरवावं. लॉबरोबर दुसरी नियमित पदवी करण्यालाही या नियमांत मनाई आहे, एमकॉम अर्धवट राहिलं असेल तर आधी त्याचा निर्णय घ्या.

पसंतीचा दुसरा धोका वेगळा. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ती जागा पक्की धरली जाते आणि पुढच्या फेरीची वाट बंद होते. तिथे नकोच होतं, सहज लिहिलं होतं, हे नंतर सांगून काही होत नाही. यादीत असंच कॉलेज लिहा, जिथे मिळालं तर तुम्ही खरोखर जाल.

‘मॅनेजमेंटची सीट करून देतो’

असं म्हणणारा एखादा ओळखीचा माणूस भेटतोच. खासगी विनाअनुदानित कॉलेजांचे प्रवेश आणि शुल्क २०१५ च्या राज्य कायद्याने बांधलेले आहेत. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. ती बघितल्याशिवाय आणि पावती घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. मुलींच्या पालकांनी तर फारच जपावं. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे, पण ती कॅपमधून प्रवेश घेतला तरच. घाईने व्यवस्थापन कोट्यात पैसे भरले की सवलत हातची जाते.

अडकलात तर

छाननीत अर्ज परत आला, तर तो संपलेला नसतो. लॉगिन उघडून शेरा वाचा, मागितलेला कागद स्पष्ट स्कॅन करून पुन्हा चढवा. मोबाइलवर काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो हे परत येण्याचं नेहमीचं कारण. एसएमएसची वाट न बघता रोज स्वतः लॉगिन करा.

तात्पुरत्या गुणवत्ता यादीत तुमचा प्रवर्ग गायब होऊन तुम्ही खुल्या वर्गात दिसत असाल, तर तक्रार नोंदवायची मुदत त्याच यादीनंतर असते आणि ती फार छोटी असते. अंतिम यादी लागल्यावर कोणाचंच काही चालत नाही. म्हणून तात्पुरती यादी लागेल त्याच दिवशी नुसता क्रमांक नको, आपल्या नावापुढचा प्रत्येक रकाना बघा.

कॅपची नोंदणीच राहून गेली, तर रिकाम्या जागांसाठी होणाऱ्या संस्था स्तरावरील फेरीची सूचना सीईटी सेलच्या आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर पाहत राहा. वर सांगितलेली फीची सवलत त्यात मिळत नाही हे धरूनच निर्णय घ्या.

जागा मिळाली की कॉलेजात हजर राहायला मोजकेच दिवस असतात आणि तिथे मूळ कागद लागतात. आधीच्या कॉलेजातून शाळा सोडल्याचा दाखला, मुंबई विद्यापीठाबाहेरून आला असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. यातलं स्थलांतर प्रमाणपत्र मागवायला वेळ लागतो, म्हणून पदवीचा निकाल हाती येताच त्याचा अर्ज टाका.