ब्रॉडबँडचे शब्द आणि कोकणातले घर: या चुका टाळा

कोकणातल्या अनेक वाड्यांपर्यंत आता फायबर, म्हणजे काचेच्या बारीक तंतूतून प्रकाशाने डेटा आणणारी केबल, पोहोचले आहे. गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेली मुले घरूनच कंपनीचे काम करतात, होमस्टेचे बुकिंग आणि आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी मोबाईलवरच येतात, त्यामुळे नेट बंद पडले की कामच थांबते. तरीही बहुतेक घरांतून तक्रार केली जाते ती ‘नेट गेलंय’ एवढ्याच शब्दांत. दुरुस्तीचा माणूस तालुक्याच्या ठिकाणाहून येतो आणि एकट्याकडे अनेक गावे असतात; त्याला बिघाड नीट कळला नाही तर तो हवे ते सामान न घेताच येतो आणि पुढची फेरी भर पावसात लांबत जाते. वायफायच्या डब्यावरचे, बिलावरचे आणि जाहिरातीतले मोजके शब्द ठाऊक असले तर ही फुकटची फेरी टळते.

वायफाय म्हणजेच इंटरनेट, असे समजू नका

वायफाय म्हणजे घरातल्या डब्यापासून तुमच्या मोबाईलपर्यंतचा बिनतारी टप्पा. इंटरनेट त्या डब्याच्या मागून, फायबरमधून येते. मोबाईलवर वायफायच्या सगळ्या पट्ट्या भरलेल्या दिसत असूनही काहीच उघडत नसेल, तर तुमचा मोबाईल आणि डबा यांच्यातला संबंध ठीक आहे आणि अडचण पुढे कुठेतरी आहे, एवढेच त्यावरून कळते.

ही अडचण कुठे आहे, ते डब्यावरचे दिवे सांगतात. फायबर ज्या डब्यात येते त्याला आपण मॉडेम म्हणत असलो तरी त्याचे खरे नाव ओएनटी. त्यावर ‘पॉन’ नावाचा दिवा स्थिर हिरवा असेल तर कंपनीच्या केंद्राकडून (एक्स्चेंजकडून) येणारा प्रकाश व्यवस्थित पोहोचतो आहे. ‘एलओएस’, ज्याला लाईनमन सरसकट ‘लॉस’ म्हणतात, तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच येत नाही: केबल कुठेतरी तुटली आहे, फार वाकली आहे किंवा जोड निसटला आहे. लॉस बंद, पॉन स्थिर, पण ‘इंटरनेट’चा दिवा विझलेला किंवा लाल असेल, तर तार शाबूत आहे आणि अडचण लॉगिनची, बिलाची किंवा कंपनीच्या बाजूची आहे. फोनवर ‘लॉस लाल आहे’ किंवा ‘पॉन हिरवा आहे, पण इंटरनेटचा दिवा लागत नाही’ असे सांगितले, तर पहिल्या वेळी माणूस फायबर जोडण्याचे यंत्र घेऊन निघतो आणि दुसऱ्या वेळी बहुधा त्याला निघावेच लागत नाही.

लॉस लाल दिसला तर आधी घरातली केबल पाहावी. जादा केबलची घट्ट गुंडाळी करून ती खिळ्याला अडकवण्याची किंवा खिडकीच्या फटीत चेपून बसवण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. फायबर लहान वळणात वाकवले की प्रकाश बाहेर गळतो. गुंडाळी मोठी आणि सैल ठेवावी. केबलचे टोक उघडे पडले असेल तर त्याला बोट लावू नये आणि त्यात डोकावून पाहू नये, कारण आतला प्रकाश अवरक्त असतो. तो दिसत नाही, पण डोळ्यांना घातक ठरू शकतो.

लाईनमन मीटर लावून ‘उणे एकवीस’ किंवा ‘उणे अठ्ठावीस’ असे आकडे बोलतो, तेही समजून घ्यावेत. ही प्रकाशाची पातळी असते आणि ती डीबीएममध्ये मोजतात. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका प्रकाश जास्त. दर तीन अंकांच्या घसरणीला तो जवळपास निम्मा होतो. साधारण उणे २७ च्या पलीकडे बहुतेक ओएनटी अडखळू लागतात. कोरड्या दिवसांत नेट चालते आणि पाऊस लागला की तुटते, अशी तक्रार असेल तर हा आकडा दोन्ही वेळी विचारून लिहून ठेवावा. खांबावरच्या जॉईंट-बॉक्समध्ये पाणी शिरते किंवा माडाची झावळी केबलवर पडून राहते, हे सिद्ध करायला त्याहून चांगला पुरावा नाही.

रीस्टार्टच्या जागी रीसेट: सर्वांत महागात पडणारी चूक

‘डबा बंद करून चालू करा’ असे कॉल सेंटरवरून सांगितले जाते. घरातले कोणी मागच्या बाजूचे बारीक छिद्र पाहते, त्यावर ‘रीसेट’ लिहिलेले असते, आणि टाचणी घालून ते दहा सेकंद दाबून धरले जाते. रीस्टार्टमध्ये डबा फक्त पुन्हा सुरू होतो. रीसेटमध्ये त्यात भरलेली सगळी माहिती पुसली जाते. वायफायचे नाव आणि पासवर्ड तर जातोच, पण अनेक जोडण्यांमध्ये कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्यासाठी दिलेले पीपीपीओई युजरनेम, पासवर्ड आणि जोडणीच्या सेटिंगमध्ये भरावा लागणारा व्हीलॅनचा क्रमांकही जातो. त्यानंतर पॉन हिरवा असूनही नेट येत नाही, आणि किरकोळ बिघाडाचे रूपांतर माणूस येईपर्यंतच्या प्रतीक्षेत होते. घरी म्हातारे आई-वडील असतील तर हे त्यांना आवर्जून सांगून ठेवावे: बटण बंद करायचे, अर्धा मिनिट थांबायचे, पुन्हा चालू करायचे, टाचणी लावायची नाही. जोडणी घेतानाच युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक मागून कागदावर लिहून ठेवावा.

वेगाचा आकडा चुकीचा वाचणे

प्लॅनमध्ये १०० एमबीपीएस लिहिलेले असते ते मेगाबिट. फाईल डाऊनलोड होताना दिसतात ते मेगाबाईट. ८ बिट मिळून १ बाईट होतो, म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाईट उतरतात. साडेबारा दिसले म्हणून ‘कंपनी आठवा हिस्साच देते’ अशी तक्रार करणे चूक आहे.

वेग मोजायचा तर डबा आणि संगणक थेट जोडणारी लॅन केबल लावून मोजावा. आपल्या घरांच्या चिऱ्याच्या भिंती जाड असतात, पावसाळ्यात त्या ओल धरतात, आणि ओटीवर ठेवलेल्या डब्याचा सिग्नल माजघर ओलांडून पडवीत जाईपर्यंत अर्धमेला होतो. केबलवर ९५ आणि पडवीत मोबाईलवर १५ मिळत असेल तर जोडणी ठीक आहे, जागा चुकली आहे. केबलवरही वेग ९५ च्या आसपासच अडकत असेल आणि प्लॅन २०० चा असेल, तर लॅनचा पोर्ट किंवा केबल १०० एमबीपीएसचीच आहे का, ते तपासावे.

‘अनलिमिटेड’ या शब्दापुढची अटही वाचावी. एफयूपी म्हणजे महिन्याच्या ठरावीक डेटानंतर वेग खाली आणण्याचा नियम. महिनाअखेरीस नेट एकाएकी मंदावले तर तक्रारीआधी ॲपमध्ये वापर पाहावा. आपल्याकडे ‘ब्रॉडबँड’ म्हणवण्यासाठी किमान डाऊनलोड वेगाची मर्यादा २०२३ मध्ये ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस करण्यात आली; त्यामुळे एफयूपीनंतरचा २ एमबीपीएस वेगही ब्रॉडबँडमध्येच मोडतो. जाहिरातीतल्या किमतीत बहुधा १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो, हेही लक्षात असू द्यावे.

वेग भरपूर असूनही व्हिडिओ कॉल तुटत असेल तर ‘स्लो आहे’ म्हणू नये. पिंग म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, जिटर म्हणजे त्या वेळेतला चढउतार, आणि पॅकेट लॉस म्हणजे वाटेत हरवलेला डेटा. कॉल तुटतो तो मुख्यतः शेवटच्या दोन कारणांनी, आणि त्यासाठी महागडा प्लॅन घेणे व्यर्थ आहे.

५जी, ५ गिगाहर्ट्‌झ आणि एअर फायबर

वायफायच्या नावापुढे ‘५जी’ दिसले म्हणून ते मोबाईलचे ५जी नेटवर्क नव्हे. ती ५ गिगाहर्ट्‌झची वायफाय लहरपट्टी आहे: जवळ वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होणारी. लांबच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्‌झ निवडावे. एअर फायबरमध्ये तुमच्या छपरापर्यंतचा शेवटचा टप्पा टॉवरकडून बिनतारी येतो. गाव डोंगराच्या कुशीत असेल तर टॉवर समोर दिसतो का, हे पाहूनच पैसे भरावेत.

गावच्या घराचा कॅमेरा मुंबईत दिसत नाही

बंद घरावर किंवा बागेवर नजर ठेवण्यासाठी कॅमेरे बसवणाऱ्यांची इथे दोनदा फसगत होते. एक, कॅमेरा डेटा पाठवतो, म्हणून त्याला अपलोडचा वेग लागतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो डाऊनलोडचा. दोन, अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांकरूपी पत्ता) वाटतात, ज्याला सीजीनॅट म्हणतात. राऊटरच्या (वायफाय देणाऱ्या डब्याच्या) सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे डब्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्याने सुरू होत असेल तर तुम्ही त्याच्या मागे आहात, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी कॅमेऱ्याकडे वळवण्याची सेटिंग) कितीही नीट केले तरी बाहेरून कॅमेरा दिसणार नाही. अशा वेळी कॅमेऱ्याच्या क्लाऊड ॲपवरून पाहावे किंवा स्टॅटिक आयपी, म्हणजे आपल्या एकट्याचा न बदलणारा पत्ता, मागावा.

वीज आणि तक्रार

एक्स्चेंज आणि घर यांच्यातल्या फायबरला सहसा वीज लागत नाही, पण ओएनटीला लागते. बहुतेक ओएनटी १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे ॲम्पिअर जुळवून घेतलेला छोटा यूपीएस पुरतो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. वळिवाच्या गडगडाटात डबा जळतो तो ॲडॅप्टरच्या वाटेने, म्हणून पिन काढून ठेवावी.

तक्रार नोंदवल्यावर डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्यावा आणि दिव्यांचा फोटो तारखेसह जपून ठेवावा. दूरसंचार नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. दुरुस्ती न करताच तक्रार ‘क्लोज’ झाली तर त्याच डॉकेट नंबरावर कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे दाद मागावी, आणि अर्जात ‘नेट बंद आहे’ असे न लिहिता कोणत्या दिवशी कोणता दिवा लाल होता आणि मीटरवर किती डीबीएम आले, ते लिहावे.