शाळा उघडण्यापूर्वी मुलाला सायकल शिकवताना

मे महिन्याचा शेवट आणि जूनचा पहिला आठवडा हा लहान मुलांना सायकल शिकवण्यासाठी फार सोयीचा काळ असतो, कारण मैदाने कोरडी असतात आणि आजोळाहून परतलेल्या मुलांपाशी वेळच वेळ असतो. विदर्भ वगळता राज्यातील बहुतेक शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात आणि पाऊस कोकणात त्याच्याही आधी पोहोचतो. त्यामुळे हाती मोजकेच दिवस आहेत हे धरून चालावे. योग्य क्रमाने शिकवल्यास पाच-सहा वर्षांच्या बहुतेक मुलांना ते पुरतात.

सायकल चालवण्यात दोन वेगळी कौशल्ये असतात, तोल सांभाळणे आणि पॅडल मारणे, आणि त्यांपैकी अवघड आहे ते तोल सांभाळणे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावलेली छोटी चाके मुलाला नेमके सोपे काम शिकवतात. शिवाय ती लावलेली सायकल कलत नसल्याने वळताना मूल अंग बाहेरच्या बाजूला झुकवू लागते आणि पुढे ही सवय मोडावी लागते. म्हणून ती चाके काढावीत आणि त्यांच्याबरोबर पॅडलही काढावीत. हा सल्ला विचित्र वाटेल. पण कार्ल फॉन ड्राइस यांनी १२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मानहाइम येथे जी दुचाकी चालवून दाखवली, तिला पॅडल नव्हतेच, ती पायांनी जमीन रेटून चालत असे. पॅडलच्या सायकली फ्रान्समध्ये १८६०च्या दशकात आल्या, म्हणजे माणसाने आधी तोल साधला आणि पॅडल त्यानंतर काही दशकांनी मारले.

पॅडल काढण्यासाठी बहुधा १५ मिलिमीटरचा पाना लागतो. उजवे पॅडल नेहमीप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सैल होते. डाव्या पॅडलचे आटे मात्र उलटे असतात, म्हणून ते काट्यांच्या दिशेने फिरवावे लागते. हे ठाऊक नसेल तर माणूस जोर लावून ते अधिकच आवळतो. पाना नसल्यास सायकल दुरुस्तीच्या दुकानात हे काम काही मिनिटांत होते. तेथेच हवा भरून घ्यावी आणि ब्रेकचे रबर झिजले आहे का, तेही पाहून घ्यावे.

कपड्यांप्रमाणे सायकलही वाढत्या अंगाची घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण शिकण्याच्या दिवसांत ती महागात पडते. सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. या वयाच्या मुलांना सहसा सोळा इंची चाकाची सायकल बसते. घरात मोठ्या भावंडाची वीस इंची सायकल पडून असली तरी तिच्यावर शिकवण्याचा मोह टाळावा. मागची पिढी मोठ्यांच्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून शिकली हे खरे, परंतु तेव्हा दुसरी सायकलच नसे.

जागा निवडताना मुरमाचे मैदान नको, कारण त्यावर चाक घसरते. दाट गवतही नको, कारण त्यात सायकल पुढे सरकत नाही. सोसायटीतील किंवा शाळेच्या आवारातील काँक्रीटचा, किंचित उताराचा आणि वाहने नसलेला पट्टा उत्तम. उन्हामुळे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतरच सराव करावा. पायांत चपला नव्हे, बूट असावेत, आणि हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांइतक्या अंतरावर घट्ट बसलेले असावे.

सुरुवातीला मुलाला सीटवर बसून नुसते चालू द्यावे. थोड्या वेळाने ते आपोआप लांब ढांगा टाकू लागते. मग दोन्ही पाय उचलून सायकल जाईल तेथवर जाऊ द्यायला सांगावे आणि आपण मोठ्याने आकडे मोजावेत. मुलांना मागचा आकडा ओलांडण्यात गोडी वाटते. या काळात मुलाच्या नकळत एक महत्त्वाची गोष्ट घडते: सायकल ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला हँडल किंचित वळवले की ती सावरते, हे हातांना कळते. तोल सांभाळण्याचे मर्म हेच असल्यामुळे मोठ्यांनी हँडल धरू नये. कॅरिअर धरून मागे धावण्यानेही कलणे मुलाऐवजी आपल्याच हाताला जाणवते. आधार द्यायचाच असेल तर काखेत किंवा खांद्याजवळ हलका द्यावा. आणि सूचना एकानेच द्याव्यात. संध्याकाळी बाकावर बसलेल्या प्रत्येक आजोबांकडे स्वतंत्र पद्धत असते आणि मुलाला ती सगळी ऐकू येत असतात.

ब्रेक याच टप्प्यावर शिकवावा, पॅडल लावल्यानंतर नव्हे. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबायचे, पाय घासत थांबायचे नाही, आणि आखलेल्या रेषेवर सायकल उभी करून दाखवायची, एवढे पुरे.

मुलाला पाय उचलून दहा आकड्यांपर्यंत सहज जाता आले आणि सौम्य वळणही घेता आले की पॅडल परत लावावीत. निघताना एक पॅडल पुढे आणि थोडे वर ठेवावे, म्हणजे पहिल्याच दाबाने वेग मिळतो. वेग नसेल तर तोल टिकत नाही. नजर पुढच्या चाकावर नव्हे, समोर लांबवर ठेवायला सांगावे. तोल आधीच आलेला असल्याने बरीच मुले हा टप्पा एका संध्याकाळीच पार करतात. मूल रडकुंडीला आले तर त्या दिवशी तेथेच थांबावे. सायकल चांगली जमू लागली की सीट थोडी वर घ्यावी, नाहीतर गुडघे दुखतात.

वळवाचा पाऊस मध्येच आला, तर रस्ता पुरता वाळेपर्यंत सराव बंद ठेवावा, कारण पहिल्या सरीत धूळ आणि तेल मिसळून डांबर अतिशय निसरडे होते. भिजलेली साखळी पुसून तिला तेल द्यावे. शाळेपर्यंत एकट्याने सायकलवर जाण्याची परवानगी मात्र यंदा देऊ नये, कारण एका हाताने इशारा करणे आणि सायकल न भरकटू देता मागे वळून पाहणे या वयात सहसा साधत नाही.