नवं पिस्तूल, रेंजवरचा पहिला दिवस: या चुका टाळा

साताऱ्यात कुणाचं नवं पिस्तूल आलं की रेंजवर कंदी पेढ्यांचा पुडा येतोच. आणि दुपारपर्यंत त्याच माणसाचं तोंड उतरलेलं असतं. "सर, पीस खराब निघाला वाटतं. सारखं अडकतंय." खरं तर पिस्तूल बहुतेक वेळा चांगलंच असतं. दोष मॅगझिन (काडतुसांची पेटी) भरण्यात, तेलात, काडतुसात नाहीतर मनगटात सापडतो. म्हणून पहिल्या शंभर गोळ्यांवरून पिस्तुलाबद्दल मत बनवू नका, एवढं मला कळकळीनं सांगायचंय. बोलतोय ते .२२ कॅलिबरच्या सेमी-ऑटोमॅटिक (दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या) स्पोर्ट पिस्तुलाबद्दल, २५ मीटरवरच्या नेमबाजीच्या.

सगळ्यात आधी जिवाशी खेळणारी चूक. पिस्तूल अडकलं की नवा माणूस ते हातात धरूनच मागे वळतो, "सर, बघा ना!" नळी क्षणात शेजाऱ्याच्या पोटाकडे. असं कधीही करू नका. नळी टार्गेटकडेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा, मोकळा हात वर करा. मदत तुमच्याकडे येईल.

नुसता 'टक' आवाज आला आणि गोळी उडाली नाही, तर त्याच स्थितीत तीस सेकंद थांबा. काडतुसातली दारू उशिरानं पेटू शकते. नंतर आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकणारा भाग, मागे ओढायचा. हा क्रम उलटा झाला की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, जाऊन बसतं. मग मॅगझिन काढून माणूस म्हणतो, "रिकामं आहे." ते रिकामं नसतं. चेंबर डोळ्यांनी बघा, आत सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) घाला, मगच पिस्तूल खाली ठेवा. आवाज फुसका आला तर पुढची गोळी मारूच नका. आधीची नळीतच अडकलेली असू शकते.

आता अडकण्याची कारणं. गेल्या डिसेंबरात सकाळी सातला, अजिंक्यताऱ्यावरून वारं सुटलेलं असताना, कोरेगावहून येणाऱ्या एका मुलीचं नवं पिस्तूल दर तिसऱ्या गोळीला थांबत होतं. बोल्ट मागे ओढून बघितला तर खोबरेल थिजावं तसं कारखान्यातलं ग्रीस आत थिजलेलं. .२२ पिस्तुलात बोल्ट फक्त गोळीच्या उलट्या धक्क्यानं मागे जातो आणि तो धक्का असतो लहान. चिकट ग्रीस त्यातला बराचसा खाऊन टाकतं. सगळं पुसलं, नळीतून कोरडं कापड फिरवलं, बोल्टच्या खाचांना तेलाचा एकेक थेंब लावला. पुढच्या पन्नास गोळ्या सरळ गेल्या. हे घरून निघण्याआधीच करायचं काम आहे. पण तेल ओतूही नका, त्यात जळलेल्या दारूची काजळी बसून चिखल होतो.

मॅगझिन भरताना घाई नको. .२२ काडतुसाच्या बुडाला कडा असते. बाजूची कळ एकदम खाली दाबून काडतुसं आत सोडली, तर वरच्याची कडा खालच्याच्या कडेमागे अडकते आणि ते पुढे सरकतच नाही. कळ थोडी थोडी दाबा, एकेक काडतूस बसवा, वरच्याची कडा खालच्याच्या कडेपुढे आहे का ते बघा.

रिकामी पुंगळी चिमणीसारखी उभी अडकत असेल तर आधी मनगट बघा. ते सैल पडलं की सगळं पिस्तूलच मागे जातं आणि बोल्टचा प्रवास अर्धवट राहतो. मनगट घट्ट केल्यावरही तसंच होत असेल तर काडतूस बदला. स्पोर्ट पिस्तुलं स्टँडर्ड वेलॉसिटीच्या काडतुसांवर बेतलेली असतात, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जरा खालच्या. 'जोरदार' म्हणून हाय वेलॉसिटी घातलं तर बोल्ट मागे आदळून झिजतो. आपल्याकडे प्रत्येक खरेदी लायसन्सवर चढते, म्हणून आधी दोन-तीन प्रकारची पन्नास-पन्नास घ्या, चालतंय ते बघा, मग मोठा साठा.

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ साली इंडोनेशियात पालेमबांगला २५ मीटर पिस्तूलमध्ये एशियाडचं सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून आमच्याकडची एअर पिस्तूलवाली (हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल वापरणारी) पोरंपोरी या प्रकाराकडे हौसेनं बघतात. त्यांची पहिली तक्रार ट्रिगरची: "लई जड आहे." असणारच. ट्रिगर ओढायला लागणारा जोर एअर पिस्तूलला किमान ५०० ग्रॅम, इथं किमान १००० ग्रॅम. तो हलका करण्यासाठी स्क्रूला हात लावू नका. वजन कमी भरलं तर स्पर्धेच्या तपासणीत पिस्तूल बाद होतं, आणि फारच हलका ट्रिगर अवेळी सुटतो.

नेम धरायच्या साइटचंही तेच. उजव्या हातानं मारणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे जात असतील तर बहुधा ट्रिगर हिसकला जातोय. साइट फिरवून ते झाकलं तर चूक अंगवळणी पडते. आधी टेकू घेऊन दहा गोळ्या मारा, मग दुसऱ्या जाणत्या नेमबाजाला दहा मारू द्या. दोघांच्याही गोळ्यांचे झुपके एकाच बाजूला गेले तरच स्क्रूड्रायव्हर काढा.

घरी कोरडा सराव, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर ओढण्याचा, करण्याआधी पिस्तुलाचं मॅन्युअल वाचा. .२२ची फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या काठावर आपटते, म्हणून बऱ्याच स्पोर्ट पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय दिलेली असते. ती वापरा.

आणि तो पेढ्यांचा पुडा. .२२ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते, भरताना बोटं काळी होतात ती त्यामुळेच. साबण आणि गार पाण्यानं हात नीट धुवा, चेहराही धुवा, मग पुडा उघडा.