सीएचबीवर रुजू होताय? मग डायरी सांभाळा

प्राध्यापकीची पात्रता परीक्षा सेट निघाली, मुलाखत झाली, विद्यापीठाची मान्यताही आली. पुण्यातल्या अनुदानित कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांवर पैसे मिळणाऱ्या तासिका तत्त्वावर, लागला असाल तर अभिनंदन! फक्त पगार हा शब्द विसरा, बिल म्हणायला शिका. जुलैत शिकवलेल्याचे पैसे मला संक्रांतीनंतर मिळाले. तोवर खोलीभाडं बाबांनी भरलं.

पण मी फसले ती रिकाम्या वर्गात. एसवायच्या पटावर नव्वद नावं, सकाळी साडेसातला समोर तीन मुली. बाकीचे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीच्या मागे. कोणीच आलं नाही की मी वीस मिनिटं वाट बघून स्टाफरूमला यायचे आणि डायरीत इमानदारीत लिहायचे, ‘विद्यार्थी अनुपस्थित’. महिनाअखेरीस हेडक्लार्कनी त्या प्रत्येक ओळीवर लाल रेघ मारली. ‘‘तास झालाच नाही मॅडम, बिलात कसा धरू?’’ त्यात आमची तासिका ४८ मिनिटांची आणि बिल ६० मिनिटांच्या हिशेबाने. पाच तासिका घेतल्या की चार तास!

शासनाचं वेतन अनुदान येतं मंजूर पदांवर, पदं ठरतात वर्कलोडवर, म्हणजे शिकवायच्या एकूण तासांवर, आणि वर्कलोड निघतो पटावरच्या मुलांवर, तुकड्यांवर. बाकांवर कोण बसलंय, हे त्यात कुठेच नाही. शेजारच्या वर्गात कायम नोकरीतल्या सरांसमोरही बाक रिकामेच. त्यांचा पगार सेवार्थ या शासनाच्या पगारप्रणालीतून वेळेवर होतो. कात्री लागते ती आपल्यालाच.

तेव्हा वर्ग सोडू नका. एकच मुलगी असली तरी पूर्ण तास घ्या, हजेरी घ्या, शिकवलेला घटक लिहा, विभागप्रमुखांची (एचओडी) सही त्याच दिवशी. उद्यावर टाकलीत की गेलीच. कोणीच नसेल तर लेखी कळवा, पोच घ्या आणि बदली तास मागा. ज्येष्ठ मंडळी म्हणतील, ‘‘लावून टाक गं हजेरी.’’ मुळीच लावू नका, खाली सही तुमची असते. दोन तुकड्या एकत्र बसवायचा मोहही नको, बिल एकाच तासाचं निघतं. आणि पीएचडीचे गाइड राहू देत त्यांच्या जागी. कॉलेजातला खरा गुरू हेडक्लार्क. सुरुवातीलाच त्यांच्याकडून बिलाचा नमुना मागून घ्या.

एवढं ऐकून घाबरू नका. जमतं. तीन मुलींना शिकवताना माझं शिकवणं सुधारलं, त्या शंका तरी विचारतात. दुसऱ्या सत्रात माझा एकही तास कापला गेला नाही. ते बिल सध्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात आहे.