व्हिएन्नात बोट एकच दिवस थांबणार? मग या चुका टाळा

बुडापेस्टला बोट लागते तेव्हा खिडकीचा पडदा सारला की समोर संसदेची इमारत दिसते. तीच बोट पुढे व्हिएन्नाला लागते, पडदा सारला जातो आणि दिसतात राहत्या घरांच्या इमारती, एक रुंद रस्ता आणि एक साधा पूल. आई-बाबांना घेऊन मी गेले होते, तेव्हा आईने पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, शहर कुठे आहे?" डॅन्यूब नदीवरच्या सफरीच्या बऱ्याच बोटी व्हिएन्नाला एकच दिवस देतात. त्या दिवसातला बराच वेळ आमच्या हातून निसटला. तुमचा जाऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

धक्क्यावर उतरलं की शहर, हा समज

जुनं व्हिएन्ना डॅन्यूबच्या मुख्य पात्रावर नाही. ते वाढलं नदीच्या एका फाट्याच्या काठी, ज्याला आज डोनाउकनाल म्हणतात. मुख्य नदी पूर्वी अनेक फाटे फोडत, वळणं घेत वाहायची आणि वारंवार पूर आणायची. म्हणून 1870 ते 1875 या काळात तिच्यासाठी सरळ, नवं पात्र खोदलं गेलं. बोटी लागतात त्या या पात्रात, राइख्सब्र्युके पुलाजवळ. तिथून सेंट स्टीफन कॅथेड्रल साडेतीन-चार किलोमीटरवर आहे. चालता येतं, पण तेवढ्यात सकाळचा उत्साह आणि ज्येष्ठांचे गुडघे दोन्ही खर्ची पडतात.

चालू नका, मेट्रो घ्या. धक्क्यापासून थोड्या अंतरावर फोरगार्टनश्ट्रासे स्टेशन आहे. तिथून यू-1 ही लाल रंगाची लाइन चौथ्या थांब्यावर, म्हणजे श्टेफान्सप्लात्सला, थेट कॅथेड्रलच्या दारात सोडते. दिशेची पाटी मात्र नीट वाचा. शहराकडे जाणाऱ्या गाडीवर ओबरला लिहिलेलं असतं. उलट दिशेच्या गाडीवर लेओपोल्डाउ. आम्ही घाईत समोर आली ती गाडी पकडली. ती बोगद्यातून बाहेर पडून पुलावर आली आणि खाली डॅन्यूब दिसायला लागली. बाबा खूश झाले, पण मला कळलं की आपण शहरापासून लांब चाललो आहोत. उतरून परत फिरण्यात वीस मिनिटं गेली.

आदल्या रात्रीच रिसेप्शनवर विचारून घ्या की बोट नक्की कुठे लागणार आहे. काही बोटी उत्तरेला नुसडॉर्फला लागतात आणि तिथली सगळी गणितं वेगळी असतात. तिथून डी नंबरची ट्राम थेट जुन्या शहराभोवतीच्या रिंग रस्त्यावर जाते. हेही विचारा की बोट दिवसभर त्याच जागी राहणार का. धक्क्यावर गर्दी असेल तर बोटींना जागा बदलावी लागते. शिवाय त्या एकमेकींना खेटून लावतात, त्यामुळे कधी दुसऱ्याच बोटीच्या लॉबीतून आपल्या बोटीत शिरावं लागतं. परत येताना नुसत्या आकारावरून आपली बोट ओळखू जाऊ नका, नाव वाचा.

परतीची खूण म्हणून मेक्सिकोप्लात्सवरचं चर्च लक्षात ठेवा. लाल छपरांचं, उंच बुरुजांचं, लांबून किल्ल्यासारखं भासतं. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा मेक्सिकोने राष्ट्रसंघात अधिकृत निषेध नोंदवला होता. त्याची कृतज्ञता म्हणून चौकाला हे नाव दिलं. बहुतेक प्रवासी त्या चौकातून घाईने निघून जातात. पाच मिनिटं थांबून तिथली स्मृतिशिळा पाहावी असं मला वाटतं.

तिकीट आहे, पण पंच केलेलं नाही

व्हिएन्नाच्या मेट्रोला आपल्यासारखी स्वयंचलित गेटं नाहीत. सरळ आत जाता येतं, आणि तिथेच गफलत होते. कागदी तिकीट असेल तर प्लॅटफॉर्मला जाण्याआधी निळ्या पेटीत घालून त्यावर वेळेचा शिक्का घ्यायचा असतो. शिक्का नसेल तर खिशात तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट ठरता. तपासनीस साध्या कपड्यांतही असतात आणि दंड शंभर युरोंच्या वर जातो. पर्यटक आहोत, माहीत नव्हतं, या सबबीवर सूट मिळत नाही. दिवसभराचं एकच तिकीट घ्या, एकदा शिक्का मारा. मेट्रो, ट्राम, बस, सगळ्यांत ते चालतं.

यादी मोठी, दिवस लहान

सगळ्यांत महागडी चूक हीच. श्योनब्रुन, बेल्वेडेअर आणि हॉफबुर्ग हे राजवाडे, कॅथेड्रल, ऑपेरा, शिवाय साखर टोर्टे हा चॉकलेट केक: एवढं कागदावर मावतं, दिवसात मावत नाही.

श्योनब्रुनचंच गणित मांडू. धक्क्यापासून यू-1 ने कार्ल्सप्लात्स, तिथे यू-4 बदलायची, मग स्टेशनपासून राजवाड्यापर्यंत चाल. म्हणजे पाऊण तास धरा. राजवाड्यात ठरलेल्या वेळेचं तिकीट असतं, त्यामुळे थोडं आधी पोचावं लागतं. दालनं पाहायला किमान तास, टेकडीवरच्या ग्लोरिएटपर्यंत चढून उतरायला आणखी तास. परतीसह दिवसाचे चार तास संपले. ते वाया जात नाहीत, जागा अप्रतिम आहे आणि बाग तर फुकट पाहता येते. पण ज्याने श्योनब्रुन निवडलं, त्याने त्या दिवशी दुसरं मोठं काही निवडू नये.

पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत जुन्या शहराच्या बाजूने आहे. सकाळी कॅथेड्रल, तिथून ग्राबेन या रस्त्यावरून हॉफबुर्गपर्यंत चाल आणि दुपारी एकच संग्रहालय. क्लिम्टचं 'द किस' प्रत्यक्ष पाहायचं असेल तर अप्पर बेल्वेडेअर. ब्रॉयगेलची चित्रं पाहायची असतील तर कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम. तिथल्या एका दालनासमोर मी तासभर बसले होते, आणि त्या सफरीतला तो तास मला अजून आठवतो. जे निवडाल त्याचं तिकीट आधी ऑनलाइन काढा, आणि तुमच्या वारी ते उघडं आहे का, हेही तपासा.

कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढायचा मोह होतोच. दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. आई-बाबा बरोबर असतील तर उत्तर मनोऱ्यावर जा, तिथे लिफ्ट आहे आणि वर पुमरिन ही वीस टनांहून जड घंटा दिसते. मूळ घंटा 1683 च्या वेढ्यात तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफांच्या धातूतून ओतली होती. 1945 मध्ये कॅथेड्रलला आग लागली तेव्हा ती कोसळून फुटली. आजची घंटा तिच्याच तुकड्यांपासून 1951 मध्ये घडवली आहे.

बोटीवरची बस-सहल बऱ्याचदा फुकट असते म्हणून बरेच जण दिवसभर तिच्याच मागे फिरतात. तिचा उपयोग जाण्यापुरता करा. बस रिंग रस्त्यावरून चक्कर मारून मध्यवर्ती भागात सोडते. तिथे गाइडला स्पष्ट सांगा की आम्ही परत आमचे येऊ. न सांगता गायब झालात तर अख्खी बस तुमच्यासाठी खोळंबते.

वार न पाहता खरेदी ठरवणं

रविवारी व्हिएन्नातली दुकानं बंद असतात. नाशमार्क्ट या बाजारातले ठेलेही. संग्रहालयं आणि कॉफीहाउसं मात्र चालू असतात. तुमचा थांबा रविवारी असेल तर खरेदी दुसऱ्या गावी ठेवा.

शाकाहाराबद्दल गृहीत धरणं

हा मुद्दा आपल्या लोकांसाठी जरा सविस्तर सांगते. ऑस्ट्रियात भाज्यांचं सूप बऱ्याचदा बीफच्या स्टॉकवर केलेलं असतं. फ्रिटाटेनसुपे, म्हणजे धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं सूप, दिसायला अगदी निरुपद्रवी. ते तर हमखास तसंच असतं. बटाट्याच्या सॅलडमध्ये कधी श्पेक, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, घातलेले असतात. रस्त्यावरच्या ठेल्यावर केसेक्रायनर नाव ऐकून चीजचा पदार्थ वाटतो, पण ते चीज घातलेलं सॉसेज आहे. 'व्हेजिटेरियन' एवढंच न विचारता 'ओने फ्लाइश, ओने श्पेक', म्हणजे मांस नको, श्पेक नको, असं सांगा. सूपबद्दल वेगळं विचारा. केसेश्पेत्स्ले हा चीज घातलेला नूडलसारखा पदार्थ पोटभरीचा आहे, पण त्यात अंडं असतं. कायझरश्मार्नमध्येही. सफरचंदाचा अप्फेलश्ट्रूडल खायलाच हवा.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी 1873 मध्ये सुरू झाली, दुसरी 1910 मध्ये. रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घ्या.

कॉफीहाउसमध्ये मेलांज, म्हणजे दुधाची कॉफी, मागवली की बरोबर पाण्याचा ग्लास येतो आणि कुणी उठवत नाही. ही इथली जुनी रीत आहे. पण बिलही आपणहून येत नाही. वेटर विसरला असं समजून आम्ही वीस मिनिटं वाट पाहत बसलो. शेवटचा घोट घेतानाच 'त्साहलेन, बिटे' म्हणा.

ऑपेरा आणि कॅथेड्रलच्या आसपास मोझार्टच्या काळचा पोशाख घातलेले लोक संध्याकाळच्या मैफिलींची तिकिटं विकतात. मैफिली खऱ्या असतात, पण सभागृह कुठलं, बोट सुटायची वेळ काय आणि कार्यक्रम किती वाजता संपतो, हे तिन्ही जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

फुटपाथलगतच्या लालसर किंवा सायकलचं चित्र असलेल्या पट्ट्यावर उभं राहून फोटो काढू नका. सायकलस्वार वेगात येतात आणि तिथे हक्क त्यांचा असतो.

पासपोर्ट बोटीवर आणि बोट पुढे

बऱ्याच बोटींवर पासपोर्ट रिसेप्शनकडे ठेवून घेतात. शहरात जाताना त्याची आणि व्हिसाची रंगीत प्रत, बोटीचं कार्ड आणि कागदावर लिहिलेला बोटीचा फोन नंबर प्रत्येकाच्या खिशात हवा. मोबाइलची बॅटरी संपते, कागद संपत नाही. सफर बेलग्रेडपर्यंत असेल तर आणखी एक गोष्ट: सर्बिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर सर्बियातून पुन्हा हंगेरीत येताना अडाल. अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा.

बोटीवर परतायची वेळ साधारणपणे सुटण्याच्या अर्धा तास आधीची असते. ती रोजच्या छापील पत्रकात असते. सकाळी खोलीतून निघताना त्याचा फोटो काढा.

आणि बोट चुकलीच, तर धावत धक्क्यावर उभं राहण्यात अर्थ नाही. आधी बोटीच्या नंबरवर फोन करा. नदीवरची बोट संथ असते. खाली ब्रातिस्लाव्हाकडे निघालेल्या बोटीला शहराबाहेर पडण्याआधीच फ्रॉइडनाउच्या लॉकमधून, म्हणजे बोटींना पाण्याच्या खालच्या पातळीवर उतरवणाऱ्या दरवाजांच्या हौदातून, उतरावं लागतं. हाउप्टबानहोफ हे मुख्य स्थानक यू-1 वरच आहे आणि तिथून ब्रातिस्लाव्हाला रेल्वे साधारण तासाभरात पोचते. बोट वर, नदीच्या उगमाकडच्या वाखाउ खोऱ्याच्या दिशेने, निघाली असेल तर फ्रान्त्स-योझेफ्स-बानहोफला जा. डी ट्राम तिथे जाते. वाखाउमधल्या क्रेम्स गावची गाडी तिथून तासाभरात पोचवते, आणि बोटीच्या बऱ्याच आधी तुम्ही क्रेम्सच्या धक्क्यावर असाल.