ब्रोकरमुळे परतावा किती बदलतो? स्वतःचा आकडा असा काढा

शेअरचा भाव एक्स्चेंजवर ठरतो, ब्रोकर कुठलाही असो. त्याच्यामुळे बदलतो तो तुमचा खर्च. तो किती, हे जाहिरातीवरून कळत नाही. तुमच्याच कागदांतून काढावं लागतं.

ब्रोकरच्या बॅक ऑफिसमधून 1 एप्रिल ते 31 मार्चचं लेजर (खात्यातल्या सगळ्या जमा-खर्चाची वही) आणि टॅक्स पी अँड एल (करासाठीचा नफा-तोट्याचा अहवाल) डाउनलोड करा. नुसत्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स, म्हणजे सौद्यांच्या पावत्या, पुरत नाहीत, कारण डीपी चार्ज (विकलेले शेअर डिमॅटमधून बाहेर काढण्याची फी), डिमॅटची वार्षिक फी आणि उशिरा पैसे भरल्याचं व्याज लेजरमध्येच दिसतं. एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर), मुद्रांक शुल्क आणि एक्स्चेंजचे चार्जेस बाजूला ठेवा, ते सगळीकडे सारखेच. उरलेल्याची जीएसटीसह बेरीज करून तिला वर्षभरातल्या सरासरी होल्डिंगच्या रकमेनं भागा. उत्तर पाव टक्क्याच्या आत आलं तर ब्रोकर बदलायच्या फंदात पडू नका. एक टक्क्याच्या वर गेलं तर नक्की बदला.

हा आकडा फुगतो कसा? 1 लाखाच्या डिलिव्हरी खरेदीवर, म्हणजे शेअर डिमॅटमध्ये घेऊन ठेवायच्या खरेदीवर, एसटीटी 100 रुपये आणि मुद्रांक शुल्क 15 रुपये लागतंच. ब्रोकरेज अर्धा टक्का असेल तर 500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. डिलिव्हरी मोफत देणाऱ्याकडे शून्य. घेऊन दहा वर्षं ठेवणाऱ्याला हे फारसं बोचत नाही. वर्षातून दोनदा अख्खा पोर्टफोलिओ विकून नवा घेणाऱ्याचे मात्र चार वेळचे मिळून 2.36 टक्के जातात.

लहान रकमांचं गणित याहून वाईट. 'किमान ब्रोकरेज 25 रुपये' अशी अट असेल आणि महिन्याचे 10,000 पाच शेअरमध्ये वाटून लावले, तर जीएसटीसह 147.50 रुपये, म्हणजे जवळजवळ दीड टक्का, आत शिरतानाच गेला. डीपी चार्ज तर विकताना दर कंपनीमागे, दर दिवशी लागतो. तोच शेअर चार दिवस थोडा थोडा विकलात की चार वेळा. विकायचाच असेल तर एका दिवसात विका.

ब्रोकरेजवर घासाघीस करणारे बरेचजण मोठी गळती पाहतच नाहीत. एमटीएफमध्ये, म्हणजे शेअर घ्यायला ब्रोकरच पैसे उधार देतो त्या सोयीत, 1 लाख उधार घेऊन सहा महिने ठेवले आणि व्याज 12 टक्के असलं, तर 6,000 रुपये गेले. म्युच्युअल फंडाच्या स्टेटमेंटवर 'रेग्युलर' लिहिलंय का, तेही बघा. त्या प्लॅनमध्ये विकणाऱ्याचं कमिशन तुमच्या परताव्यातून जातं, डायरेक्टमध्ये जात नाही. डायरेक्ट प्लॅन 2013 पासून उपलब्ध आहेत. महिना 10,000 रुपये 20 वर्षं भरले आणि परतावा 12 ऐवजी 11 टक्के धरला, तर शेवटच्या रकमेत साधारण साडेबारा लाखांचा फरक पडतो.

बदलायचं ठरलं तर शेअर विकून पुन्हा घेऊ नका. फुकटचा भांडवली नफ्यावरचा कर बसेल. नव्या ब्रोकरकडे त्याच नावानं डिमॅट उघडा. खातं संयुक्त असेल तर नावांचा क्रमही तोच हवा. नव्या खात्याचा शिक्का मारलेला सीएमआर (खात्याच्या तपशिलाचा कागद) घ्या आणि जुन्याकडे 'ट्रान्सफर करून खातं बंद' हा फॉर्म द्या. असं सगळं होल्डिंग हलवायला फी नाही. गहाण ठेवलेले शेअर आधी सोडवा आणि लेजरची बाकी शून्य करा, अर्ज बहुधा तिथेच अडकतो. जुनं खातं तसंच ठेवलं तर 4 लाखांपर्यंतच्या होल्डिंगवर बीएसडीए (लहान गुंतवणूकदारांसाठीचं कमी फीचं डिमॅट) खात्यात मिळणारी वार्षिक फीची माफीही जाते, कारण तिला एकच डिमॅट लागतं.

खातं बंद होण्याआधी सगळ्या वर्षांचा ट्रेडनिहाय अहवाल उतरवून ठेवा. शेअर नव्या खात्यात येतात, पण खरेदीची तारीख आणि भाव बऱ्याचदा येत नाही. तो हातानं भरावा लागतो.