जिल्हा संघाचे कर्णधारपद हाती घेताना

परभणी, बीड, जालना किंवा लातूर, जिल्ह्याच्या क्रिकेट संघाची धुरा पहिल्यांदा खांद्यावर आली की बहुतेक तरुण वहीत क्षेत्ररचनेच्या आकृत्या काढत बसतात. त्याआधी सरे या इंग्लिश कौंटीचा कर्णधार स्टुअर्ट सरिज याची कारकीर्द समजून घ्यावी. तो १९५२ ते १९५६ या काळात कर्णधार होता आणि त्या पाचही वर्षी कौंटी अजिंक्यपद सरेनेच जिंकले. संघात अ‍ॅलेक बेडसर, जिम लेकर, टोनी लॉक आणि पीटर मे असे नामवंत असताना, बॅट तयार करणाऱ्या घराण्यातला हा बेताचा गोलंदाज त्यांच्यावर हुकमत गाजवू शकला, याचे एक कारण असे की फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, जिथे उभे राहायला इतर कचरतात, तिथे तो स्वतः उभा राहत असे.

म्हणून सर्वप्रथम स्वतःची जागा ठरवा. आपल्याकडच्या पुष्कळ मैदानांवर हिरवळीपेक्षा मुरूमच जास्त असतो. एकदा झेप घेतली की कोपर सोलून निघते. मिड-ऑफला, म्हणजे फलंदाजापासून लांब, हात मागे बांधून उभ्या असलेल्या कर्णधाराने दुसऱ्याला झेप घ्यायला सांगितले, तर पोरे मान डोलावतात आणि पायानेच चेंडू अडवतात. जवळ उभे राहणार असाल तर हेल्मेट मात्र घालाच. सरिजच्या काळी ते नव्हते म्हणून तो धाडसीपणा आज मिरवण्यात अर्थ नाही.

सामना मॅटवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या चटईवर, असेल तर नाणेफेकीपूर्वी मॅटच्या कडेने स्वतः चालत जावे. खिळे पूर्ण ठोकलेले आहेत का आणि मॅट मधोमध सैल पडून सुरकुती राहिली आहे का, हे तळपायाला लगेच कळते. खालची काळी माती पाणी देऊन नीट दाबलेली नसेल, तर मॅटखालच्या भेगांमुळे चेंडू कधी खाली राहतो, कधी छातीवर येतो. अशा वेळी आधी फलंदाजी घ्यावी की नाही, हे ज्येष्ठ खेळाडूंना जरूर विचारावे, पण निर्णय आपलाच असावा.

दोन दिवसांच्या सामन्यात डाव कधी घोषित करायचा, म्हणजे सगळे गडी बाद होण्याआधी आपणच कधी थांबवायचा, हा खरा कसोटीचा प्रश्न आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये ओव्हल मैदानावर वूस्टरशायर कौंटीचा डाव अवघ्या २५ धावांत आटोपल्यावर सरेची धावसंख्या ३ बाद ९२ असतानाच सरिजने डाव घोषित केला. ऐकणाऱ्याला हा वेडेपणाच वाटेल. पण प्रतिस्पर्धी पुन्हा ४० धावांत गारद झाले आणि सरेने एक डाव २७ धावांनी सामना जिंकला. धावफलकापेक्षा खेळपट्टीची अवस्था आणि शिल्लक वेळ त्याने अधिक मोलाचे मानले. मी स्वतः एकदा नेमके उलटे केले. पश्चिमेला ढग दाटून आलेले दिसत असूनही आणखी तीस धावांच्या हव्यासापायी डाव लांबवला, अवकाळी पाऊस कोसळला आणि हातातोंडाशी आलेला सामना अनिर्णित राहिला. त्या संध्याकाळी एसटीत माझ्याशी कोणीच बोलले नाही.

संघात एखादे सर किंवा मामा तुमच्यापेक्षा वयाने मोठे असतील. त्यांना चूक दाखवायची तर षटकांच्या मधल्या वेळेत, जवळ जाऊन, हळू आवाजात दाखवावी.

जिद्दीलाही आवर हवा. यॉर्कशायरचा कर्णधार ब्रायन क्लोज याच्याइतका कणखर माणूस विरळा. इंग्लंडचे नेतृत्व करताना त्याने सातपैकी सहा कसोटी जिंकल्या आणि एकही गमावली नाही. तरीही ऑगस्ट १९६७ मध्ये वॉरविकशायरविरुद्धचा सामना वाचवण्यासाठी त्याच्या संघाने मुद्दाम वेळ काढला, त्याबद्दल त्याच्यावर ठपका आला आणि वेस्ट इंडीज दौऱ्याचे कर्णधारपद हातचे गेले. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात वेळ बहुधा डावपेच म्हणून नव्हे, तर पाण्यामुळे वाया जातो. त्यामुळे बाराव्या खेळाडूला आधीच बजावून ठेवावे की ठरलेल्या विश्रांतीखेरीज पाणी फक्त गडी बाद झाल्यावर आणायचे, आणि तेही पंचांना विचारून.